टिकल्यांची पिस्तुलं जपा, टिकल्या नकोत

खेळण्यातली जुनी पिस्तुलं जमवणारी माणसं जगात आहेत, हे वाचून हसू नका. अमेरिकेत हा चांगला रुजलेला छंद आहे. हे खेळणं जन्मलंही तिथेच. १८६५ साली तिथलं यादवी युद्ध संपलं, खऱ्या बंदुकांचं गिऱ्हाईक आटलं, आणि काही कारखानदारांनी ओतीव लोखंडाची, टिकल्या वाजवणारी पिस्तुलं काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर दूरचित्रवाणीवर काउबॉय आले आणि जस्ताच्या मिश्रधातूची चकचकीत पिस्तुलं घरोघरच्या मुलांच्या कमरेला लागली. ती मुलं आज सत्तरी-ऐंशीत आहेत आणि आपलं हरवलेलं पिस्तूल जुन्या बाजारांत शोधत फिरतात. मूळ खोकं शाबूत असेल तर किंमत आणखी चढते.

आपल्याकडे लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, भांडीकुंडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या राजा या मुलाचं नाव त्या संग्रहालयाला दिलं. आपल्या रायपुरातलं महंत घासीदास संग्रहालय तर १८७५ सालचं. जपून ठेवण्याची हौस आपल्याला आहे. पण घरातलं पत्र्याचं टिकल्यांचं पिस्तूल मात्र दिवाळीनंतर माळ्यावर जातं आणि पुढच्या साफसफाईत भंगारवाल्याच्या हातगाडीवर.

माझं म्हणणं असं की आपल्या शाळेत ढाली आणि करंडकांचं जे काचेचं कपाट आहे, त्यात एक खण या पिस्तुलांसाठी असावा. शिक्षकांच्या खोलीत हे बोलून दाखवलं तेव्हा लगेच दोन बाजूंनी आक्षेप आले. एकाचं म्हणणं, सैनिकी शाळेत खेळणी कसली मांडता? दुसऱ्याचं म्हणणं बरोबर उलट: मुलांच्या डोक्यात आधीच बंदुका कमी आहेत का, की त्या आता कपाटातही हव्यात? पहिला आक्षेप मी बाजूला ठेवतो. दुसऱ्याला मात्र उत्तर दिलं पाहिजे, आणि ते देण्याआधी ते पिस्तूल नेमकं काय होतं ते आजच्या मुलांना सांगितलं पाहिजे. त्यांनी ते बहुधा पाहिलेलंही नाही.

रायपुरातल्या मराठी घरातल्या मुलाचं वर्ष खेळण्यांनी मोजलं जायचं. पोळ्याला शेजारच्या छत्तीसगढी घरांत ‘पोरा’ असायचा. मुलांना मातीचा नंदी आणि मुलींना मातीची भातुकली. आमच्याकडे नागपूरकडची रीत, म्हणून तान्ह्या पोळ्याला चाकं लावलेला लाकडी बैल. दसऱ्याला धनुष्यबाण. आणि दिवाळीला पिस्तूल. तात्यापाऱ्यातल्या अंगणात किल्ला व्हायचा, त्यावर नागपूरहून कोणी आणलेले मातीचे मावळे उभे राहायचे, आणि किल्ल्याचा धनी कमरेला पिस्तूल खोचून पहारा द्यायचा. इतिहासाच्या सरांना हे खपलं नसतं, पण किल्ला आमचा होता. १९७५ साली ‘शोले’ आला आणि त्याच किल्ल्याचं रामगढ झालं. मावळे तेच, फक्त त्यांतला एक गब्बर.

गोलबाजारातून आणलेलं ते पिस्तूल म्हणजे पातळ पत्र्याचे दाबून काढलेले दोन अर्धे. कडेच्या पत्र्याच्या जिभा वाकवून ते एकमेकांना जोडलेले असत. नळी पुढून बंदच. चाप ओढला की घोडा मागे जायचा आणि सुटला की पुढच्या खाचेवर आपटायचा. खाचेत टिकली ठेवलेली असेल तर ‘फट्’, नसेल तर नुसतंच ‘टक्’. टिकली म्हणजे लाल कागदाचा एवढासा गोल तुकडा, मध्ये दारूचा फुगवटा, गोल पुठ्ठ्याच्या डबीत भरलेल्या. पैसेवाल्या घरात रोल यायचा. ती लाल कागदाची फीत पिस्तुलाच्या पोटात बसवली की एकामागून एक बार निघायचे. निदान निघायला हवेत अशी अपेक्षा असायची. प्रत्यक्षात तिसऱ्या-चौथ्या बाराला फीत अडकायची, दोन टिकल्या फुसक्या निघायच्या आणि शत्रू तेवढ्यात तुळशीवृंदावनामागे पसार व्हायचा. ज्याच्याकडे पिस्तूलच नाही तो पायरीवर टिकली ठेवून दगडाने फोडायचा. आवाज तोच. खरं सांगायचं तर दगडाचा नेम जास्त भरवशाचा होता.

दिवाळीत घेतलेलं पिस्तूल तुळशीच्या लग्नापर्यंत चाललं तरी पुष्कळ. घोड्याची स्प्रिंग ढिली पडायची आणि खाचेभोवती तांबूस थर धरायचा. हा गंज कुठून येतो ते आपल्या छात्रांनी समजून घेण्यासारखं आहे. टिकलीत पोटॅशियम क्लोरेट आणि तांबडा फॉस्फरस असतो. बार झाला की क्लोरेटचं पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे मिठाच्याच कुळातला क्षार. फॉस्फरस जळून जी पांढरी राख उरते ती हवेतला ओलावा शोषून आम्ल बनते. क्षार, आम्ल आणि ओल एकत्र आल्यावर पातळ पत्रा किती दिवस टिकणार? जुन्या थ्री नॉट थ्री रायफलीच्या काडतुसातही क्लोरेटची टोपी असे. म्हणून त्या काळचे जवान फायरिंगनंतर नळीतून उकळतं पाणी ओतत. क्षार पाण्यात विरघळतो, तेलात नाही. मग पुल-थ्रूला चिंदी बांधून नळी कोरडी करायची आणि शेवटी तेलाचा हात. आम्ही पिस्तुलात थेट खोबरेल तेल सोडायचो. त्याने गंज आत सुखाने झाकून राहायचा.

याचा संग्रहाच्या दृष्टीने एक गमतीदार परिणाम होतो. जे पिस्तूल मुलाने मनसोक्त वाजवलं ते संपलं. जे आजीने ‘पडवीत आवाज नको’ म्हणून ट्रंकेत ठेवून दिलं ते उरलं. संग्राहकांच्या कपाटात जी चकचकीत पिस्तुलं दिसतात ती बहुतेक न खेळलेली असतात. मला विचाराल तर आपल्या खणात एखादं गंजलेलं, घोडा मोडलेलं पिस्तूल आधी यावं. खेळल्याचा पुरावा तेच देतं.

आता टिकल्यांबद्दल. शीर्षकात त्या नकोत असं म्हटलं आहे, त्यामागे दोन कारणं आहेत.

काडेपेटी हातात घ्या. क्लोरेट काडीच्या गुलात असतो आणि तांबडा फॉस्फरस पेटीच्या कडेच्या पट्टीवर. दोघांना मुद्दाम वेगळं ठेवलेलं आहे. एकमेकांवर घासल्याशिवाय पेट नाही, म्हणूनच ती ‘सेफ्टी’ काडेपेटी. टिकलीत हे दोन्ही पदार्थ एकाच ठिपक्यात शेजारी बसवलेले असतात. नुसत्या आघाताने किंवा घर्षणाने हे मिश्रण पेटतं. एक टिकली निरुपद्रवी असते. खिशात सुट्या पंचवीस टिकल्या आणि त्यांच्याबरोबर गोट्या, किल्ल्या असतील तर गोष्ट वेगळी. १९९२ साली केंद्र सरकारने क्लोरेट आणि गंधक यांच्या मिश्रणाच्या स्फोटकांवर बंदी घातली तेव्हा काडेपेटीची गुलं आणि खेळण्यातल्या पिस्तुलांच्या कागदी टिकल्या यांना त्यातून सूट दिली. कायद्याच्या रुक्ष भाषेतही आपल्या खेळण्याला अशी जागा मिळाली आहे. पण सूट मिळाली म्हणून ते मिश्रण गरीब झालं नाही. ज्याला ते हाताने कालवावं लागतं त्याला हे विचारा.

तेच दुसरं कारण. आपण ज्या डब्या फोडल्या त्यांतल्या पुष्कळ शिवकाशीच्या. १९२३ साली अय्या नाडर आणि षण्मुग नाडर हे दोघे भाऊबंद तमिळनाडूतल्या त्या कोरड्या, पाऊस कमी पडणाऱ्या गावातून कलकत्त्याला गेले, काड्यापेट्या करण्याची विद्या शिकून आले, आणि पुढच्या वीस वर्षांत शिवकाशी काड्यापेट्या आणि फटाक्यांचं गाव झालं. या धंद्यात किती लहान मुलं राबत होती, हे पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. एम. सी. मेहता यांनी १९८६ साली केलेल्या याचिकेवर १० डिसेंबर १९९६ रोजी निकाल लागला. धोक्याच्या उद्योगात मूल कामाला ठेवणाऱ्या मालकाने दर मुलामागे वीस हजार रुपये भरावेत आणि ते त्या मुलाच्या कल्याणासाठी वापरावेत, असा तो आदेश होता. त्या निकालाच्या आधीची कितीतरी वर्षं इकडे तात्यापाऱ्यात आठ-दहा वर्षांचा मुलगा टिकल्या फोडत होता. तिकडे त्याच वयाची मुलं कागद मोडत होती, चिकटवत होती, डब्या भरत होती.

बालपणाच्या आठवणी लिहिणाऱ्यांना हा भाग आवडत नाही. ‘ते दिवस किती साधे होते’ असं म्हणून ते पुढे जातात. साधे होते खरे, पण ज्याच्या वाट्याला फोडण्याची बाजू आली त्याला. म्हणून खणात पिस्तुलाशेजारी टिकल्यांची रिकामी डबी ठेवायची आणि तिच्याखाली शिवकाशीची हकिगत दोन ओळींत लिहायची. भरलेली डबी अजिबात नको.

आता त्या दुसऱ्या आक्षेपाकडे येतो. खेळण्यातल्या बंदुकीने मूल हिंसक होतं की नाही, या वादात मी पडत नाही. मला दिसतो तो फरक इतकाच आहे. एन.सी.सी.च्या छात्राला फायरिंगच्या मैदानावर जो पहिला धडा मिळतो तो असा: शस्त्र हातात घेतलं की ते भरलेलंच आहे असं समजा, आधी तपासा, आणि रिकामं असलं तरी त्याचं तोंड माणसाकडे करू नका. खेळातलं पिस्तूल तर फक्त माणसाकडेच रोखलेलं असतं. चोर-पोलीस म्हणजे तेच. पॉइंट टू टू रायफल पहिल्यांदा हातात आली की नवा मुलगा हसत मित्राकडे वळतो, त्याबरोबर रायफलीचं तोंडही वळतं, आणि उस्ताद ओरडतात. ते ओरडणं बालपणावर असतं. लहानपणाची सवय त्या एका क्षणात मोडावी लागते, आणि मोडलीच पाहिजे.

पण पत्र्याच्या पिस्तुलाला कोणी खरं समजत नसे, हेही तितकंच महत्त्वाचं. बंद नळी, वाकवलेल्या जिभा, मुठीवर घोड्याचं नाहीतर सिंहाचं चित्र. मुलालाही ठाऊक, पोलिसालाही ठाऊक. ते खोटं होतं आणि आपलं खोटेपण लपवत नव्हतं. आज बाजारात जी मिळतात ती वजनाला, रंगाला, घडणीला खऱ्या शस्त्राची हुबेहूब नक्कल असतात, आणि ‘अगदी खऱ्यासारखं’ हीच त्यांची जाहिरात. खेळण्यातलं पिस्तूल दाखवून दुकान लुटल्याच्या बातम्या आपणही वाचतो. अमेरिकेने १९८८ साली कायदा करून खेळण्यातल्या बंदुकीच्या टोकाला ठळक नारिंगी खूण सक्तीची केली. तरी नोव्हेंबर २०१४ मध्ये क्लीव्हलँड शहरात तामिर राईस हा बारा वर्षांचा मुलगा एका बागेत नकली पिस्तुलाशी खेळत होता, नारिंगी टोक निघून गेलेलं होतं. पोलिसांची गाडी आली आणि दोन-तीन सेकंदांत गोळी सुटली. दुसऱ्या दिवशी तो गेला.

म्हणून ‘आम्हीही लहानपणी पिस्तुलाने खेळलो, आमचं काय बिघडलं’ असं म्हणत आजच्या मुलाच्या हातात काळी कुळकुळीत नक्कल देणाऱ्या मामा-काकांशी माझं भांडण आहे. आपलं खेळणं वेगळं होतं. ते कपाटात समोर असलं तर हा फरक बोलून समजावायची गरज पडणार नाही. नक्कल आणि पत्रा शेजारी ठेवा, मूल स्वतः ओळखेल.

आपल्याच राज्यात याहून जुनं एक उदाहरण आहे, आणि खणात त्याला मानाची जागा हवी. रायपूरहून सुमारे ३०० किलोमीटरवर जगदलपूरला आषाढात जगन्नाथाचा रथ निघतो. बस्तरमध्ये त्या उत्सवाला गोंचा म्हणतात. त्या दिवशी लहानथोर सगळ्यांच्या हातात बांबूची ‘तुपकी’ असते. दोन्ही तोंडांना उघडी पोकळ नळी आणि तिच्यात सरकणारा दांडा. मालकांगोणीची हिरवी फळं, तिथल्या बोलीत ‘पेंग’, नळीत एकामागे एक बसवायची. दांड्याने मागचं फळ रेटलं की मधली हवा दाबली जाते आणि पुढचं फळ ‘फट्ट’ आवाज करत सुटतं. आग नाही, दारू नाही, पत्राही नाही. ही जगन्नाथाला दिलेली सलामी मानतात. पोरं एकमेकांवरही नेम धरतात म्हणा, ती पोरंच आहेत. पण मूळ हेतू मानवंदनेचा. ‘तोफा-तुपका’ हे शब्द बखरींतून आपल्या ओळखीचे आहेत. त्यातल्या तुपकेचंच हे बस्तरी लेकरू. परेडमध्ये ‘सलामी शस्त्र’चा हुकूम ऐकणाऱ्या मुलाला ही तुपकी परकी वाटायचं कारण नाही.

त्याच बस्तरबद्दल आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय हा लेख रायपूरचा होणार नाही. याच जंगलात ६ एप्रिल २०१० रोजी ताडमेटल्याजवळ ७६ जवान मारले गेले. याच जंगलात माओवाद्यांनी ‘बाल संघम’च्या नावाखाली गावातली मुलं आपल्या कामाला लावली. निरोप पोहोचवणं, पाळत ठेवणं आणि पुढे शस्त्र. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांतही याची नोंद आहे. तिथल्या पोलिसी बातम्यांत ‘भरमार’ हा शब्द वारंवार येतो. भरमार म्हणजे ठासणीची बंदूक. जुन्या ठासणीच्या बंदुकीत घोडा एका छोट्या टोपीवर आपटतो आणि ठिणगी आत जाते. आपल्या टिकलीची आणि त्या टोपीची कल्पना एकच आहे. घोडा आपटला, ठिणगी पडली. आमच्या पिस्तुलात गोष्ट तिथेच संपायची, कारण नळी पुढून बंद होती. त्या मुलांच्या वाट्याला आलेल्या नळीचं तोंड उघडं होतं.

जंगलात टिपेवर पहारा देणाऱ्या त्या अकरा वर्षांच्या मुलाने कधी टिकल्या फोडल्या असतील का, मला माहीत नाही. तुपकी मात्र त्याने वाजवली असण्याची शक्यता बरीच आहे. शस्त्राआधी खेळणं मिळणं हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे असं मी मानतो, आणि सैनिकी शाळेत हे म्हणायला मला जराही संकोच वाटत नाही. इथे आपण मुलांना रायफल देतो ती वयाप्रमाणे, उस्तादाच्या नजरेखाली, मोजलेल्या गोळ्या देऊन आणि रिकामी पुंगळी परत मोजून घेऊन. त्याआधीची वर्षं पत्र्याची, बांबूची आणि मातीच्या बैलांची असली पाहिजेत.

तर कामाचं बोलू. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा माळा, आजोबांची ट्रंक, शिवणयंत्राचा खण बघा. पिस्तूल सापडलं तर ते कोणाचं, साधारण कोणत्या वर्षी आणि कुठल्या बाजारातून घेतलं, तेव्हा काय पडलं, हे त्याच बैठकीत विचारून कागदावर उतरवा. वडीलधाऱ्यांना किंमत बहुधा आण्या-पैशासकट आठवते. कोणी हरवल्याची किंवा भांडणात मोडल्याची गोष्ट सांगितली तर तीही लिहा. खाचेत जुनी टिकली अडकलेली नाही ना ते आधी घरातल्या मोठ्या माणसाकडून पाहून घ्या. असेल तर ती पाण्यात भिजवून काढा, कोरडी खरवडू नका. मग ओल्या फडक्याने क्षार पुसून, उन्हात वाळवून तेलाचं बोट फिरवा. रंग नवा लावू नका, गंज घासून चमकवू नका, मोडलेला घोडा जोडू नका. बस्तरकडच्या विद्यार्थ्यांनी तुपकी आणावी आणि ती कोणी कशी केली तेही सांगावं. प्लॅस्टिकच्या हुबेहूब नकलांपैकी एकच पुरेशी आहे, ती मी आणतो.

आणि एखाद्या घरात टिकल्यांची रिकामी डबी किंवा रोलचं जुनं वेष्टन निघालं तर ते फेकू नका. चित्र फिकं पडलेलं असलं तरी चालेल. डबीच्या कडेला बारीक अक्षरांत कारखान्याचं आणि गावाचं नाव छापलेलं असतं, ते वाचता आलं पाहिजे.